वेड न पांघरता पेडगावला

गेल्या ऑक्टोबरात भाचीने जर्मनीहून फोटो पाठवले. हायडेलबर्ग नावाचं गाव. खाली नेकार नदी, नदीवर जुना दगडी पूल, गावाच्या डोक्यावर टेकडी आणि टेकडीवर अर्धा पडलेला लाल दगडाचा किल्ला. झाडं पिवळीधमक. सोबत दोन ओळी होत्या : "मामा, सकाळी निघालो, संध्याकाळी घरी. तुमच्या मिरजगावजवळ असं काही नाही ना?"

मी कळवलं, आहे. फक्त तुमच्याकडे टेकडी, किल्ला आणि नदी एकाच फोटोत मावतात. आमच्याकडे त्यासाठी गाडीत बसावं लागतं. टेकडी सिद्धटेकला आहे, पण तिच्यावर किल्ला नाही, गणपती आहे. किल्ला पेडगावला आहे, पण त्याला चढ नाही. आणि दोन्हींच्या पायाशी नदी एकच, भीमा. मिरजगावहून कर्जत, राशीन, सिद्धटेक, पेडगाव अशी फेरी एका दिवसात निवांत होते. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास धरा. मात्र ती कुठल्या महिन्यात आणि कोणत्या क्रमाने करायची, यावर सगळं अवलंबून आहे. दोन्ही चुका मी करून बसलो आहे, म्हणून हे लिहितो.

आधी महिना. आपल्याकडचा शरद म्हणजे पानगळ नव्हे. अश्विनात ऊन असं तापतं की बैलसुद्धा सावली सोडत नाही. त्यातच परतीचा पाऊस कधी गाठेल याचा नेम नाही. नवरात्रात राशीनला यमाईची गर्दी असते, दिवाळीच्या सुट्टीत सिद्धटेकला अष्टविनायकाच्या बसगाड्यांची रांग. म्हणून भाऊबीज झाल्यावरचे दोन-तीन आठवडे धरावेत. तोवर पाऊस गेलेला असतो, सकाळी गारवा असतो, माळावरचं गवत सोनेरी झालेलं असतं आणि चांगल्या पावसाच्या वर्षी उजनी काठोकाठ असते. शेतात तूर फुलावर येते, ज्वारी वीतभर वर आलेली दिसते. हुरड्याची आशा मात्र धरू नका, त्याला अजून महिना-दीड महिना. वार कुठलाही चालेल, रविवार आणि संकष्टी सोडून. अंगारकीला तर नावच काढू नका, निदान फिरायला म्हणून तरी नाही. देवासाठी जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आता क्रम. पहिल्या खेपेला आम्ही सरळ पेडगाव गाठलं, कारण मुलांना किल्ला बघायची घाई होती. पोचेपर्यंत साडेअकरा झाले. भुईकोटात उन्हाला अडवायला काही नाही. तटाचे दगड तव्यासारखे तापलेले. अर्ध्या तासात सगळे मंदिराच्या सावलीत बसून पाण्याच्या बाटल्या मोजू लागले. येताना रेहेकुरीला काळवीट दाखवतो म्हणून थांबलो, तर दुपारी चार वाजता एकही जनावर नजरेस पडलं नाही. सगळा दिवस उलटा घातलेल्या सदऱ्यासारखा गेला. तेव्हापासून आमचा नेम ठरला : जनावरं सकाळी, देव दुपारी, गड शेवटी.

घरातून साडेपाचला निघा. मिरजगाव ते कर्जत वीसेक किलोमीटर, आणि कर्जतपासून दहा किलोमीटरच्या आत रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य. १९८० साली झालेलं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. जंगल म्हणून गेलात तर हिरमोड होईल. इथे बाभळी आणि गवताचा माळ आहे, बस. पण काळविटाला हवा असतो तो माळच. दाट झाडीत त्याला ना दूरवर दिसतं, ना पळता येतं. सूर्य वर येण्याआधी फाटकाशी नोंद करून शांतपणे उभे राहा. कळपात तांबूस-भुऱ्या माद्या आणि पिल्लं असतात, त्यांना शिंगं नसतात. नर मात्र वयात आला की पाठीवर काळा होत जातो, पोट पांढरं राहतं आणि शिंगांना पीळ पडतो. पिल्लं दचकली की चारही पाय एकदम उचलून उडी मारतात, जणू जमिनीने त्यांना वर फेकलं. ते बघायला जमतं कुणाला? जो गाडीचं दार आपटत नाही आणि मोठ्याने बोलत नाही त्याला. गवतात शिरू नका. नियम म्हणून सांगतोच, पण त्याहून मोठं कारण कुसळं. कार्तिकात कुसळी गवत पिकलेलं असतं; एकदा का ती कुसळं मोज्यात घुसली की दिवसभर तुम्ही देवापुढेही पायच खाजवत बसता. बूट असले तरी मोजे सुती, लोकरी नकोत. लोकरीत ती निघतच नाहीत.

आठ-साडेआठला कर्जतला या आणि पोटभर नाश्ता करा. पुढे दुपारपर्यंत धड काही मिळेलच असं नाही. पेट्रोलही इथेच भरा.

कर्जतहून राशीन पंधरा-सोळा किलोमीटर. जगदंबेचं, म्हणजे यमाईचं, देऊळ गावातच आहे. लोक येतात ते देवीसाठी आणि दीपमाळांसाठी. या दीपमाळा हलतात. विटांच्या बांधकामाचा एवढा मोठा खांब, आणि तो डोलतो, हे कानांनी ऐकून पटत नाही. पण हलवून बघण्याचा हट्ट धरू नका. जुनं काम आहे, येणाऱ्या प्रत्येकाने एक धक्का द्यायचा म्हटला तर किती दिवस टिकणार? देवळातल्या पुजाऱ्यांना विचारा, ते सांगतील तसं करा. अर्धा-पाऊण तास इथे पुरे.

राशीनला एक मोह होतो, तो टाळायचा की नाही तुम्ही ठरवा. इथूनच एक रस्ता खेडवरून भिगवणला जातो आणि वाटेत उजनीचा फुगवटा ओलांडतो. १९८० साली पुरं झालेलं हे धरण भरलं की भीमेचं पाणी दौंडच्या बाजूपर्यंत मागे चढतं, आणि आपल्या अवर्षणी तालुक्याच्या कडेला समुद्र आल्यासारखं वाटतं. घरात कुणीतरी म्हणतंच, "चला, रोहित बघू." कार्तिकात रोहित पक्षी नसतात, किंवा असले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारण साधं आहे. रोहित उथळ चिखलात चोच उलटी घालून खातो. धरण तुडुंब असताना तो चिखल पाण्याखाली असतो. पाणी ओसरून काठ उघडे पडले की तो येतो, म्हणजे थंडी मुरल्यावर. त्यासाठी वेगळी सहल काढा, जानेवारीत. माशांचं म्हणाल तर भिगवणच्या बाजूला चिलापी मुबलक. पण गणपतीला जाताना मासे खायचे की नाही यावर आमच्या घरात दरवेळी भांडण होतं आणि दरवेळी आई जिंकते.

तेव्हा सिद्धटेक. राशीनहून एकवीस-बावीस किलोमीटर. या टप्प्यात एक सावधगिरी. फोनमधला नकाशा जवळचा रस्ता म्हणून तुम्हाला चारीच्या कडेने घालतो. कुकडीच्या चाऱ्यांचे हे रस्ते शेतकऱ्यांच्या बैलगाड्या-ट्रॅक्टरसाठी आहेत. काळी माती, वर चारी फुटून आलेलं पाणी. आमची गाडी एका अशाच ठिकाणी चाकाच्या मध्यापर्यंत बसली होती. एका बाबांनी बैलजोडी आणून ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. पण सगळीकडे असे बाबा भेटतीलच असं नाही. पाटी असलेला डांबरी रस्ता सोडू नका आणि शंका आली तर माणसाला विचारा. विचारताना "सिद्धटेक किती लांब?" असं नको, उत्तर कायम "हे काय, आलंच" असं येतं. "कोणत्या गावावरून जाऊ?" असं विचारा.

सिद्धटेकचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा. अष्टविनायकांत असा हाच एक, म्हणून सोवळं कडक, आणि म्हणून जुनी माणसं इथे बोलताना आवाज खाली आणतात. देऊळ उत्तराभिमुख, काळ्या दगडाचं, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. आता हे नीट लक्षात घ्या : अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, चौंडीचा. चौंडी आपल्या मिरजगावला सिद्धटेकहून कितीतरी जवळ आहे, शेजारच्या जामखेड तालुक्यात, सीनेच्या काठी. महेश्वरला राज्य करणाऱ्या बाईने भीमेच्या काठच्या या टेकडीवर देऊळ बांधलं, ते काही अनोळखी मुलखात नव्हतं. आपल्याकडचा माणूस या देवळात शिरताना माहेरच्या घरात शिरावं तसा शिरला तरी चालेल. फक्त चप्पल बाहेर, आणि फोन खिशात.

प्रदक्षिणा घालायची असेल तर आधी वेळ बघा. मूर्ती टेकडीला धरून आहे, त्यामुळे देवाला प्रदक्षिणा म्हणजे सबंध टेकडीला प्रदक्षिणा. पाचेक किलोमीटरची पायपीट. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांची सरदारी गेली तेव्हा त्यांनी एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि सरदारी परत मिळाली, अशी कथा इथे सांगतात. हिशोब केलात तर रोजचं शंभर किलोमीटर होतं. माझ्या गणिताच्या शिक्षकी मनाला हे पचत नाही, पण कथेला गणित विचारू नये. तुम्ही एक घाला. गुडघे दुखणाऱ्यांनी देवळाभोवतीच नमस्कार करावा आणि ओसरीत बसावं. गणपती काही हजेरी घेत नाही.

दर्शनानंतर घाटाच्या पायऱ्या उतरा. दिवसातली सगळ्यात थंड जागा ही. पूर्वी दौंडकडून येणारे भाविक पलीकडे शिरापूरला उतरून होडीने नदी पार करायचे. आता पूल झाला, होडीची गरज उरली नाही. पाण्यात पाय सोडून बसा, पण पोहण्याच्या फंदात पडू नका. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ आहे आणि पायऱ्या कुठे संपतात ते दिसत नाही. गावच्या पोराला पोहताना बघून आपल्यालाही येतं असं वाटतं. त्याला खाली कुठे काय आहे ते माहीत असतं, आपल्याला नसतं. कुणी होडीत फिरवतो म्हणालं तर अंगात घालायचं जाकीट आहे का, एवढं आधी विचारा. नसेल तर काठावरून नदी काही कमी सुंदर दिसत नाही.

जेवण इथेच उरका. देवळाच्या आसपास थाळी मिळते, पण माझं मत विचाराल तर डबा न्या. नवी बाजरी आलेली असते. तिची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदा. दुपारच्या उन्हात तेलकट पुऱ्यांपेक्षा हे बरं. सीताफळंही या दिवसांत मिळतात, पाटीत मऊ झालेली बघून घ्या. जेवून तासभर सावलीत आडवे व्हा. घाई करू नका, गडाची वेळ अजून व्हायची आहे.

अडीचला निघा. पेडगाव सिद्धटेकहून नऊ-दहा किलोमीटर, तालुका मात्र बदलतो. कर्जत संपून श्रीगोंदा सुरू होतो. पेडगावचं नाव मराठी माणसाला किल्ल्याआधी म्हणीतून माहीत होतं : वेड पांघरून पेडगावला जाणे. सगळं समजत असून न समजल्याचं सोंग करणे. म्हणीचा उगम कोणी कुठेही लावो, या गावाने सोंगाला फसलेला एक मोठा माणूस पाहिला आहे. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश दख्खनचा सुभेदार होता. त्याची छावणी इथे. त्याच्या नावावरून हा बहादूरगड. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि पुढच्याच महिन्यात मराठ्यांची एक लहान तुकडी छावणीवर चालून आली. खान तिच्या मागे धावला, ती त्याला लांब लांब नेत गेली, आणि इकडे मोठ्या फौजेने रिकामी छावणी धुऊन नेली. कोटभर रुपये आणि दोनशे उत्तम घोडे हा आकडा इतिहासाच्या पुस्तकांत येतो. मुलांना ही गोष्ट गाडीतच सांगा. कोण वेडा आणि कोण शहाणा, ते त्यांना बरोबर कळतं.

गडावर गेल्यावर मात्र दुसरी गोष्ट सांगावी लागते. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वराजवळ पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना बादशहापुढे आणलं ते इथे, बहादूरगडावर. इथे त्यांची धिंड काढली. मार्चमध्ये तुळापूरच्या परिसरात त्यांना मारलं. म्हणून हल्ली या गडाला धर्मवीरगड म्हणतात. भाचीचा तो लाल किल्ला कधी पडला, हे मी नंतर वाचलं : १६८९ मध्येच, चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्याने जाळला, आणि चार वर्षांनी पुन्हा उद्ध्वस्त केला. एकाच साली दोन नद्यांच्या काठी दोन बादशहांची माणसं काय करत होती, ते असं कळलं. तिथे आता डोंगररेल्वे आहे आणि तिकिटाला रांग. पेडगावला ना तिकिटाची खिडकी ना रांग, आणि ही त्याची खरी अडचणही आहे, कारण काय बघायचं हे सांगायला कोणी उभं नसतं.

तर असं बघा. गावातून आत शिरताना भैरवनाथाचं देऊळ लागतं. तिथले वीरगळ आधी पाहा. खालच्या चौकटीत लढाई, मधे स्वर्गाकडे जाणारा वीर, वर तो देवापुढे बसलेला : खालून वर वाचायचं, पुस्तकासारखं वरून खाली नव्हे. मग आतल्या बाजूला मंदिरं येतात, मल्लिकार्जुन, रामेश्वर, बाळेश्वर, लक्ष्मीनारायण. ही खानाच्या कितीतरी आधीची, यादवकाळाच्या घडणीची. चारही सारख्या वेळात पाहायची नाहीत. दोन झपाझप बघा आणि उरलेला वेळ लक्ष्मीनारायणाला द्या. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या मूर्ती आहेत. दुपारी वरून पडलेल्या उन्हात त्या सपाट, चेहरा नसलेल्या दिसतात. चार वाजता ऊन तिरकं झालं की एकेका मूर्तीची कंबर, दागिना, वाकलेला हात भिंतीतून पुढे येतो. हातात मोबाइल घेऊन तिथे दहा मिनिटं नुसते उभे राहा, फोटो न काढता. गड शेवटी बघा, असं मी का म्हणतो ते तिथे कळेल.

बाळेश्वराच्या आत खांबांना हात लावायच्या आधी वर बघा. जुन्या दगडी छतांना मधमाश्यांची आवड असते. आग्या मोहोळ दिसलं तर आवाज बंद, अत्तर-फवारा मारलेला माणूस बाहेर, आणि विडी-सिगारेट अजिबात नको. पावसाळ्यानंतर तटावर वेडी बाभूळ आणि घाणेरी माजलेली असते. पायवाट सोडून झुडपात जाऊ नका, दगडाच्या फटीत हात घालू नका. घोणस आणि फुरसं दोन्ही या मुलखात आहेत. मुलांना तटाच्या नदीकडच्या कडेवर चढू देऊ नका, तिथले दगड सुटे आहेत. फोटोसाठी मागे मागे सरकणारा माणूस हा गडावरचा सगळ्यात धोक्याचा प्राणी.

नदीच्या बाजूला गेलात की पाणी चढवायच्या मोटांची बांधकामं दिसतात. नदीतून मोटेने पाणी उचलायचं, वर हौदात सोडायचं आणि तिथून खापरी नळांनी महालापर्यंत न्यायचं, अशी ती सोय. आपल्या विहिरीवरची मोट आठवून तिला हत्तीच्या मापाने मोठी करा, म्हणजे कल्पना येईल. एवढी छावणी, घोडे, हत्ती, माणसं. पाण्यावाचून ती इथे एक दिवस टिकली नसती. डोंगर नसलेल्या या गडाने नदीचाच आधार घेतला होता. तिथे बसून खाली भीमा बघा. पाणी पिवळं होत जातं, पलीकडे दौंड तालुक्यातला ऊस काळा पडत जातो, कुठल्यातरी देवळातली घंटा ऐकू येते.

साडेपाचला मात्र उठाच. गळीत हंगाम सुरू झालेला असतो. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि ऊसतोडीच्या बैलगाड्या रस्ताभर असतात. त्यातल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी. अंधारात अशी ट्रॉली समोर अचानक उभी ठाकते. ट्रॉली दिसली की लगेच ओलांडू नका; उसाच्या मोळ्या बाहेर किती आल्यात ते आधी बघा. मोटारसायकलवाल्यांनी तर त्याच्याही आधी निघून दिवस मावळायच्या आत कर्जत गाठायलाच हवं.

एसटीने जाणाऱ्यांना ही पूर्ण फेरी एका दिवसात अवघड. त्यांनी कर्जत, राशीन, सिद्धटेक एवढंच धरावं आणि परतीची गाडी कितीला आहे ते सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावं. बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही, तेव्हा आजीला घरी ठेवायला खर्चाची सबब चालणार नाही. पेडगाव दुसऱ्या एखाद्या दिवशी श्रीगोंद्यावरून करता येतं.

शेवटचं एक. गडावर पाण्याचं दुकान नाही. माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्या, आणि रिकाम्या बाटल्या मिरजगावला परत आणा.